पहिल्या वर्षी ठोके मोजणारं घड्याळ नकोच

उपवनचा पळपुट्या

मत आधी सांगतो, मग हाणा. नव्याने धावायला लागलेल्या माणसाने पहिलं वर्षभर तरी जीपीएस आणि हार्ट रेटवालं घड्याळ घेऊ नये. स्टॉपवॉच असलेलं साधं डिजिटल घड्याळ पुरे.

ठाण्यात उपवनहून येऊरला जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही रविवारी सकाळी बघा. धडधाकट माणसं चढ सुरू व्हायच्या आधीच चालायला लागलेली असतात. काय झालं विचारलं तर, "झोन टूच्या बाहेर गेलो." झोन टू म्हणजे आरामात धावण्यासाठी घड्याळाने आखून दिलेला ठोक्यांचा टप्पा. अहो, धाप लागली का? नाही. बोलता येतंय? येतंय की, आत्ता बोलताच आहात! मग थांबलात कशाला? तर घड्याळ कोकललं.

आता घड्याळ हा आकडा आणतं कुठून ते बघा. समजा वय ४६. २२० वजा वय, म्हणजे कमाल ठोके १७४. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे १०४ ते १२२. ही झाली तुमची झोन टू. शेहेचाळिशीतला नवशिका १२२ च्या आत धावूच शकत नाही, बुटाची नाडी बांधून उठला की तो शंभरीला टेकलेला असतो. आणि २२० वजा वय ही साधारण १९७१ च्या सुमारास जुन्या आकड्यांवरून नजरेने ओढलेली रेघ आहे. तिच्यात दहा-बारा ठोक्यांचं प्रमाणित विचलन आहे, म्हणजे तिघांतल्या एकाचा खरा आकडा त्याहूनही लांब पडतो.

त्याच माणसाचा खरा कमाल आकडा १८८ निघाला आणि विश्रांतीचे ठोके ५८ असले तर? कार्व्होनेनच्या पद्धतीने १८८ मधून ५८ वजा करा, उरलेल्या १३० चे ६० ते ७० टक्के काढा, त्यात ५८ परत मिळवा. उत्तर १३६ ते १४९. माणूस तोच, टक्केही तेच. एक हिशेब त्याला चालायला लावतो आणि दुसरा धावू देतो. घड्याळ खोक्यातून काढून मनगटावर बांधणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

---

माजिवड्याचा इंजिनीअर

पळपुटे, गणित बरोबर आणि निष्कर्ष चूक. सेटिंगमध्ये जाऊन कमाल ठोके बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी घड्याळच घेऊ नका म्हणणं म्हणजे वजनकाटा शून्यावर नाही म्हणून वाण्याकडे जाणंच सोडून देणं.

नवशिक्याचा खरा आजार वेगळा आहे, तो फार जोरात धावतो. ग्रुपमध्ये तर हमखास. पुढचा सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांनी, चालला की मागचे सगळे दात-ओठ खात त्याच्यामागे. इझी रन कोणाचाच इझी राहत नाही, आणि तीन महिन्यांनी नडगी धरून बसतात. त्या माणसाला "अरे, हळू" हे सांगणारं मनगटावर काहीतरी हवं. ग्रुपमधले मित्र सांगत नाहीत, ते स्वतःच धापा टाकत असतात.

सूत्रच हवं असेल तर तनाका या संशोधकांचं २००१ चं घ्या. २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तिशीत ते २२० वाल्यापेक्षा थोडं कमी येतं (१८७), साठीत जास्त (१६६). माणसागणिक फरक त्यातही राहतोच, पण म्हाताऱ्यांवरचा अन्याय कमी होतो.

---

सव्वासहाची लोकल

कविता राऊतने दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य मिळवलं. अविनाश साबळेने २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसला रौप्य. सावरपाड्यात आणि बीडच्या मांडव्यात लहानपणी कोणाच्या मनगटावर झोन टू होता? आपल्याला गरज कसली, मिरवायची हौस आहे.

---

माजिवड्याचा इंजिनीअर

हे उदाहरण दर वेळी येतं, आणि दर वेळी अर्धवट येतं. त्या पातळीच्या खेळाडूमागे प्रशिक्षक उभा असतो, हातात स्टॉपवॉच असतं, पायाखाली मोजलेला चारशे मीटरचा ट्रॅक असतो. आमच्यामागे कोण उभं आहे? घोडबंदर रोडवरचा टँकर.

---

पामबीच पहाटे

दोघांचंही ऐकून घेतलं, आता माझं. मी नेरूळची, पामबीच रोडवर धावते. पूर्ण सपाट रस्ता, म्हणजे ठोके आणि पेस ताडून बघायला याहून सोपी जागा नाही. तरीसुद्धा मे महिन्यात तोच पेस, तेच अंतर, आणि ठोके जानेवारीपेक्षा सरळ दहा-पंधराने वर. घाम येतो पण दमट हवेत तो सुकतच नाही, मग अंग थंड कसं व्हायचं? रक्त कातडीकडे वळतं, अंगातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून जाणारं रक्त घटतं. तेवढंच रक्त पोचवायला हृदय जास्त वेळा धडधडतं. लाँग रनच्या शेवटच्या तासात पेस जराही न वाढवता आकडा चढतो, तो म्हणूनच.

पळपुट्या म्हणेल, बघा, म्हणूनच आकडा फसवा. मी उलट म्हणते. आकडा खरं सांगतोय की आज हृदयावर ताण जास्त आहे. फसवतो तो पेस. मे महिन्यात जानेवारीचा पेस पकडायला जाणारे लोक सातव्या किलोमीटरला दुभाजकावर बसलेले मी बघते.

---

उपवनचा पळपुट्या

ताई, मुद्दा मान्य, पण तो माझ्या बाजूचा आहे. मे महिन्यात ताण जास्त आहे हे कळायला घड्याळ लागतं? ओला टी-शर्ट पुरत नाही? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम जाणवण्याचं मोजमाप केलं ते मुद्दाम ६ पासून २० पर्यंत ठेवलं, कारण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाचे ठोके साधारण येतात. "तेरा, थोडं कष्टाचं" म्हणालात की १३० च्या आसपास. म्हणजे माणसाच्या आत मीटर आहेच. पहिल्या वर्षात ते वाचायला शिकायचं की दर शंभर पावलांनी मनगट वळवून बघायचं?

माझा आक्षेप यंत्रावर नाही, क्रमावर आहे. आधी स्वतःचा श्वास ओळखा, घड्याळ मग घ्या. एकदा आकड्याकडे बघायची खोड लागली की श्वासाकडे लक्ष जात नाही.

---

माजिवड्याचा इंजिनीअर

नवशिक्याला "थोडं कष्टाचं" म्हणजे काय हे कळत असतं तर भांडण कशाला झालं असतं? त्याला सगळंच कष्टाचं. किंवा उत्साहात सगळंच सोपं. आतलं मीटर जुळवून घ्यायलाही बाहेरचं एखादं माप लागतंच.

---

कोलशेतची डॉक्टर

मी धावते कमी आणि धावणारे तपासते जास्त, म्हणून मध्ये पडते.

एक, मनगटावरचं यंत्र ठोके मोजतच नाही, अंदाज बांधतं. हिरवा प्रकाश कातडीत जातो, रक्त तो शोषतं, परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून आकडा निघतो. धावताना हात हलतो, पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि मग यंत्र कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच पकडतं. तुमची पावलं मिनिटाला १७० पडत असतील आणि आरामात धावताना हार्ट रेटही नेमका १७० ला चिकटून बसला असेल, तर घाबरून माझ्याकडे येऊ नका. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, घट्ट करा आणि परत बघा. छातीवरचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत घेतो, त्यामुळे तो बराच भरवशाचा. इंटर्व्हलमध्ये, म्हणजे थांबून थांबून मारलेल्या जोरदार फेऱ्यांत, तर मनगटवालं मागेच पडतं. तुमची चारशे मीटरची फेरी संपत आली तरी ते अजून वर चढतच असतं.

दोन, आणि हे महत्त्वाचं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना वरचं एकही सूत्र लागू नाही. गोळीच ठोके दाबते. अशा माणसाने १३६ ते १४९ गाठायचा प्रयत्न केला तर तो झेपेल त्याच्या पलीकडे जाईल. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून मर्यादा ठरवून घ्यावी आणि धावताना बोलता येतंय का एवढं पाहावं.

तीन, छातीत दुखतंय, जबडा किंवा डावा हात भरून आलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर आकडा हिरव्या पट्टीत असला तरी थांबायचं. "घड्याळ नॉर्मल दाखवत होतं" हे वाक्य मला ऐकायचं नाही.

---

सव्वासहाची लोकल

डॉक्टर, मग घड्याळाचा फायदा काहीच नाही ना? सांगून टाका एकदाचं.

---

कोलशेतची डॉक्टर

आहे, पण धावताना कमी, सकाळी उठल्यावर जास्त. विश्रांतीचे ठोके. रोज ५५ च्या आसपास असणाऱ्याचे एके दिवशी ६५ दिसले तर अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, आदल्या दिवशीचा अतिरेक, नाहीतर रात्रीची पार्टी. त्या दिवशी टेम्पो रन, म्हणजे नेटाने जोरात धावणं, ठेवू नका. मात्र मनगटावर तीन बोटं ठेवून हे फुकटातही कळतं, एवढं पळपुट्यांच्या बाजूने.

---

खारघरचा चढ

सगळे ठोक्यांवर तुटून पडलेत, जीपीएस बिचारं सुटलं. ते काही कमी नाही.

घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर मेट्रोच्या पुलाखालून धावा आणि नंतर नकाशा बघा. तुम्ही दोन टॉवरमधून आरपार गेलेले दिसाल. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर, तिथून आलेला क्षीण संकेत इमारतींच्या काचांवर आपटून वाकड्या वाटेने पोचतो, आणि घड्याळाला वाटतं तुम्ही तिकडे आहात. दोन फ्रीक्वेन्सींवर, म्हणजे एल वन आणि एल फाइव्हवर, ऐकणारी घड्याळं हे बरंच सावरतात, पण ती महाग. येऊरच्या झाडीतही थोडाफार हाच प्रकार. म्हणून पडद्यावर दर सेकंदाला नाचणारा पेस बघूच नका, एका किलोमीटरच्या लॅपचा सरासरी पेस लावा.

शर्यतीत तर हे चांगलंच महागात पडतं. हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर, आणि प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेने मोजलेला असतो. आपण गर्दीतून नागमोडी जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वर जीपीएसची चूक. शेवटी घड्याळ २१.४ दाखवतं. दोन तासांत यायचं म्हणून घड्याळावर ५:४१ चा पेस धरून बसलेला माणूस पोचतो जवळपास पावणेदोन मिनिटं उशिरा, आणि मग आयोजकांना शिव्या घालतो की मार्ग लांब होता!

---

माजिवड्याचा इंजिनीअर

यावर उपाय आहे. शर्यतीत ऑटो लॅप, म्हणजे घड्याळाने आपणहून किलोमीटर मोजणं, बंद करा आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला हाताने बटण दाबा.

---

उपवनचा पळपुट्या

म्हणजे साधं स्टॉपवॉच. हेच तर मी पहिल्या ओळीत म्हटलं.

---

माजिवड्याचा इंजिनीअर

बरं, हा गुण तुमचा. पण शर्यतीपुरताच. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पाट्या असतात, येऊरच्या रस्त्यावर मंगळवारी कोण लावणार आहे?

---

पामबीच पहाटे

अजून एक गोष्ट, जी इथल्या पुरुषांच्या लक्षात आली नाही. पहाटे अंधारात एकटी निघते तेव्हा मी कुठे आहे हे घरी फोनवर थेट दिसतं. माझ्या आईच्या दृष्टीने घड्याळाचा हा एकमेव उपयोग आहे आणि तेवढ्यासाठी ते घ्यायला तीच मागे लागली होती. साध्या डिजिटल घड्याळात ही सोय नाही.

---

सव्वासहाची लोकल

ताई, हे खरंच सुचलं नव्हतं. पण मग दुसरी बाजूही बघा. तोच नकाशा लोक सगळ्यांना दिसेल असा टाकतात. रोज किती वाजता, कुठल्या गेटमधून निघता, सगळं उघडं. २०१८ च्या जानेवारीत धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावरून परदेशातले लष्करी तळ दिसले होते, कारण आत जवान जॉगिंग करत होते. तिथे आपल्या सोसायटीचं काय घेऊन बसलात.

---

पामबीच पहाटे

घराभोवतीचा टप्पा लपवायची सोय त्यातच आहे, पहिल्याच दिवशी लावलेली बरी. आईला थेट दिसतं, बाकीच्यांना नाही.

---

सहासष्टीचा आजोबा

मंडळी, मला २२० च्या हिशेबाने १५४ कमाल मिळतो, इंजिनीअरसाहेबांच्या हिशेबाने १६२. येऊरच्या शेवटच्या चढावर छातीचा पट्टा १७१ दाखवतो. तब्येत ठीक, ट्रेडमिलवरची ईसीजी तपासणी ठीक. मी कोणाचं ऐकायचं?

---

कोलशेतची डॉक्टर

काका, पट्ट्याचं ऐका. तपासणी चांगली आली असेल आणि त्रास काही नसेल तर तुमचा कमाल आकडा निदान १७१ आहे, सूत्र काहीही म्हणो. मात्र आकडा वाढवून बघायला पुन्हा मुद्दाम चढावर जीव काढू नका.

---

उपवनचा पळपुट्या

काका, सूत्राने धावला असतात तर येऊरचा तो चढ तुम्ही आयुष्यभर चालतच चढला असतात. माझं पहिलं म्हणणं अजून उभं आहे.

---

माजिवड्याचा इंजिनीअर

आणि १७१ हा आकडा कळला कशामुळे?

---

सहासष्टीचा आजोबा

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, या छातीच्या पट्ट्याला फार वास मारतो. सौ. घरात ठेवू देत नाही.

---

खारघरचा चढ

काका, वरचं बटणासारखं यंत्र काढून ठेवायचं आणि पट्टा धावून आल्या आल्या साध्या पाण्यात खळबळायचा. आठवड्यातून एकदा सौम्य साबण. पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही, सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात दोन पट्टे ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा.