पापलेट वाचवायला सरकारनं पैसा घालायचा, तो नेमका कुठं? बोला कोल्हापूरकर

पेठेतला
रविवारी सकाळी मासळी बाजारात गेलो होतो. रात्रीत आंबा घाट चढून आलेल्या थर्माकोलच्या पेट्या उघडत होत्या. वरच्या थरात मोठं पापलेट, नवरीसारखं मांडलेलं. मावशींनी बर्फ बाजूला सारला, तर खाली सगळं तळहातात मावणारं. पोराच्या कंपासमधली पट्टी मुद्दाम खिशात टाकून नेली होती. एक मासा शेपटासकट मापला, साडेअकरा सेंटीमीटर भरला. मावशी म्हणाल्या, "कापड घ्यायला आलाईस व्हय?"

पट्टी का नेली ते सांगतो. २०२३ मध्ये आपल्या सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान माप ठरवून दिलं. पापलेटला ते १३५ मिलिमीटर आहे, त्याखालचं धरायचं नाही. म्हणजे राज्यमासा दोन सेंटीमीटर कमी भरून राजरोस घाट चढून आला होता.

आता पैशाचं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रात जाणारी बोट घ्यायची तर किंमत धरलीय १ कोटी २० लाख. त्यावर अनुदान ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आणि १ जून ते ३१ जुलै ही जी मासेमारी बंदी असते, त्या काळात घरी बसणाऱ्या गरीब मच्छीमाराला त्याच योजनेत काय, तर सरकारचे ३,००० रुपये आणि त्याचे स्वतःचेच साठवलेले १,५००. तीन महिन्यांत वाटून. मासा धरायला लाखांनी आणि मासा सोडायला तीन हजार! माझं म्हणणं सरळ आहे. बोटींचं अनुदान बंद करा. तो पैसा समुद्रातल्या गस्तीला आणि बंदीत घरी बसणाऱ्याला द्या.

ऊसवाला शिरोळकर
भावा, पट्टी घेऊन बाजारात जाणारा तूच पहिला असशील. पण मला सांग, कोल्हापूरला समुद्र हाय का? पंचगंगेचं पाणी तरी कोकणात जातंय का? नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतंय आणि पार आंध्रातनं बंगालच्या उपसागरात जातंय. आणि आमच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतोय, वासानं थांबवत न्हाई. हितल्या नदीला पैसा न्हाई आणि त्या मत्स्य संपदा योजनेचं २०,०५० कोटी समुद्रात! आधी दारातली नदी धुवा, मग समुद्राचं बघू. तसंबी आपल्याकडं पाव्हणा आला की तांबडा-पांढरा. पापलेट खाणारं शंभरात किती?

हिशेबनीस
२०,०५० कोटींचा आकडा सगळेच फेकतात, म्हणून तो फोडून सांगतो. ही रक्कम २०२० ते २०२५ अशा पाच वर्षांची आणि सगळ्या देशाची आहे. त्यात केंद्राचे ९,४०७ कोटी, राज्यांचे ४,८८० कोटी आणि उरलेले ५,७६३ कोटी लाभार्थ्यांनी स्वतःच्या खिशातून घालायचे होते. म्हणजे सरकारचा पैसा १४,२८७ कोटी. शिवाय ही योजना फक्त समुद्राची नाही. तळी, धरणं, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, बर्फ कारखाने, बंदरं, सगळं त्याच पोत्यात. तेव्हा ऊसवाले, 'समुद्रात' गेले म्हणू नका.

पेठेतले, तुमचीही एक बाजू लंगडी आहे. सोडण्यासाठी पैसा नाहीच असं नाही. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीमागं ओढत नेतात त्या पिशवीसारख्या जाळ्यात, कासव अडकलं तर बाहेर पडायला जी चौकट बसवतात, ती साधारण २३ हजारांची, आणि ती या योजनेत शंभर टक्के अनुदानात बसते. अमेरिकेनं २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी याच कासवांपायी घेणं बंद केलंय. तिथं सरकारी पैसा मासा धरायलाही उपयोगी आणि सोडायलाही.

पेठेतला
मान्य. पण चौकट फुकट दिली म्हणून जाळ्यात बसलीच असं कुठंय? हेल्मेट आपल्याकडं घरोघरी आहे, डोक्यावर किती जणांच्या? म्हणून तर गस्त म्हणतोय.

आचऱ्याची लेक
मी लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला बारा वर्षं झाली. माहेरी रापण आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: होडीतून अर्धगोल जाळं टाकत यायचं आणि मग दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढायचे, तीस-चाळीस माणसं, बाया, म्हातारेसुद्धा. जे येईल त्याचे वाटे पडतात. कधी तारली-बांगड्यानं किनारा पांढरा होतो, कधी चार तास ओढून जाळ्यात शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

पेठेतले दादा, तुमची पट्टी मला पटली, पण अनुदान बंद करा हे नाही पटलं. पर्ससीनवाल्यांकडे, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं टाकणाऱ्यांकडे, पैसा आधीच आहे, ते अनुदानावाचून अडत नाहीत. अडतो तो किनाऱ्यालगतचा माणूस. सगळी गर्दी पहिल्या बारा सागरी मैलांत, म्हणजे बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात. अंडी घालायला मासा येतो तोही तिथंच जवळ. लहानांनी लांब जायचं कधी, तर त्यांना लांब जाणारी बोट मिळेल तेव्हा. ती वाट तुम्ही कोल्हापुरात बसून बंद करताय.

पेठेतला
ताई, १ कोटी २० लाखाच्या बोटीवर ४० टक्के अनुदान धरलं तरी ७२ लाख उरतात. रापणीवाला ते आणणार कुठून? शेवटी बोट कुणाच्या नावावर आणि पैसा कुणाचा, हे आपण ऊस पट्ट्यातल्या लोकांना शिकवू नका. ठिबकच्या अनुदानात काय काय बघितलंय.

आचऱ्याची लेक
एकट्यानं नाही, संस्थेनं घ्यायची. अवघड आहे हे मलाही कळतं. पण अवघड आहे म्हणून दारच काढून टाकायचं का?

आणि गस्तीचं ऐका. पर्ससीनवर फेब्रुवारी २०१६ पासून निर्बंध आहेत, २०२१ मध्ये कायदा बदलून दंड लाखांत नेला, २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन फिरतात. कागदावर काही कमी नाही. तरी कर्नाटकातल्या मलपीकडचे ट्रॉलर रात्री येतात आणि मासा ओढून घ्यायला लावलेल्या एलईडीचा उजेड आमच्या किनाऱ्यावरून दिसतो, गाव वसल्यासारखा. भाऊ फोनवर म्हणतो, "आज परत दिवाळी आसा." म्हणून गस्तीला पैसा द्या याला माझा हात वर. फक्त तो पैसा पकडायला जाणाऱ्या बोटीच्या डिझेलला आणि माणसांना द्या, कार्यालयाच्या रंगाला नको.

अजून एक. डिझेलचा कर परत मिळतो तो इंजिनवाल्या मोठ्या बोटींना. रापणीच्या होडीला वल्ही, फार तर मागं लावायचं छोटं औटबोर्ड इंजिन. सगळ्यात कमी इंधन जाळणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात कमी. 'टिकाऊ मासेमारी' म्हणून भाषणात नाव आमचंच घेतात.

ऊसवाला शिरोळकर
ताई, तुमचं पटलं. पण पेठेतल्याचं न्हाई. माप ठरवून काय हुतंय? जाळं काय पट्टी घिऊन पाण्यात उतरतंय?

हिशेबनीस
जाळ्यालाच पट्टी असते हो. ट्रॉलच्या शेपटाला, म्हणजे मासा साठतो त्या पिशवीला, ४० मिलिमीटर चौकोनी आस (जाळ्याचं भोक) ठेवायची अशी शिफारस आहे. चौकोनी एवढ्यासाठी, की ओढताना तिरकी आस मिटते आणि चौकोनी उघडी राहते, बारकं पिलू निसटतं. बारीक आसाच्या जाळ्यात जी बारकी मासळी येते ती बरीचशी फिशमीलच्या कारखान्यात भुकटी व्हायला जाते. जाळी बदलून द्यायला सरकारनं पैसा घालावा, त्याला माझी हरकत नाही. बोटीपेक्षा तो स्वस्त पडेल.

बंधाऱ्यावरचा
मी भोई. चार पिढ्या नदीवर. हितं सगळे समुद्राच्या पिलांवर बोलाय लागलेत म्हणून लिवतो.

जूनात पहिला लोंढा आला की चढणीचे मासे वर येतात, ओढ्यात, भाताच्या खाचरात. पोट गाभोळीनं टम्म. त्या रात्री बॅटऱ्या घिऊन अख्खं गाव उतरतंय. मास्तर, सरपंच, पुण्यास्नं आलेली पोरं. काठ्या, घमेली, मच्छरदाण्या. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो, 'चढणीचे मासे, नाद खुळा'. एका मादीच्या पोटात हजारानं अंडी असत्यात. त्याला कुठली पट्टी, कुठला ड्रोन? आणि मग सरकार पैसे खर्चून धरणात बोटुकली, म्हंजे बोटाएवढी माशाची पिलं, सोडतंय. त्यातली मोठी व्हायच्या आत नदीत काळं पाणी आलं की तीबी उताणी.

ऊसवाले, नदी धुवा म्हणता ते खरं. पण काळं पाणी कुठनं येतंय ते शिरोळात सगळ्यांस्नी ठावं हाय. तिथं सरकारी पैसा मागायचा न्हाई, ज्यानं घाण केली त्याच्याकडनं मागायचा.

ऊसवाला शिरोळकर
बोलणं लागलं. पण खोटं न्हाई.

पेठेतला
चढणीच्या माशांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मीही लहानपणी मामाच्या गावाला, बाजारभोगावकडं, घमेलं घेऊन उतरलोय. ताईंचंही बघून मी थोडा मागं येतो: अनुदान सरसकट बंद नको, पण आधी जाळी आणि गस्त, मग बंदीतला भत्ता, आणि बोट सगळ्यात शेवटी, तीही संस्थेलाच. तीन हजारांवर मात्र मी ठाम आहे. दोन महिने चूल बंद ठेवायला सांगताय तर तेवढ्यात आमच्या पेठेत आठवड्याचं दूधसुद्धा…बरं, महिन्याचं येईल, पण तेवढंच.

आचऱ्याची लेक
बोट शेवटी म्हणजे कधीच नाही, हे मी सरकारी कामात बघत आलेय. माझं मत तेच आहे.

ऊसवाला शिरोळकर
ते ऱ्हाऊ दे. पेठेतल्या, ते साडेअकराचं पापलेट मापून ठेवलंस माघारी, का घेतलंस?

पेठेतला
घेतलं. अर्धा किलो. पाव्हणे होते.

आचऱ्याची लेक
तळलंत की कालवण?