मदत हवी आहे : सिव्हिलचं पहिलं वर्ष, एक बॅकलॉग आणि जर्मनी

नमस्कार मंडळी. मुलगी इथेच नाशिकमध्ये सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला होती, पुणे विद्यापीठाखाली. आता जर्मनीत बॅचलरला जायचंय. बारावी पीसीएम ८१ टक्के, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड दिलेली नाही. म्हणजे थेट प्रवेशासाठी इथलं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण हवं, नाहीतर आधी श्टुडिएनकोलेगचा (विद्यापीठाआधीचं तयारीचं वर्ष) टी-कोर्स, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांचा. इथवर समजलंय. घोडं अडलंय मार्कशीटवर. सगळे विषय निघाले, एम-टूपुढे (गणित-२) मात्र 'एफ'. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोय, पण जर्मनीवाले त्याला 'पूर्ण' धरतात का?

गंगापूर रोडला दोन कन्सल्टंटकडे जाऊन आलो. दोघंही फिरून फिरून खासगी कॉलेजांवरच येतात (कमिशन, दुसरं काय!). ती फी झेपणार नाही. ब्लॉक्ड अकाउंटच्या (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरोंची सोय आहे. जर्मन बी-वन झालंय, बी-टू चालू आहे. सिव्हिल बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच, हे माहीत आहे. एपीएसचा (इथली मार्कशीटं तपासून जर्मनीसाठी मिळणारा दाखला) अर्ज अजून भरलेला नाही, १८,००० रुपये दोनदा जायला नकोत म्हणून.

कुणी बॅकलॉग असताना एपीएस केलंय का? एम-टू निघेपर्यंत थांबावं, की सरळ बारावीवर टी-कोर्सला अर्ज टाकावा?