पगाराच्या रिपोर्टमधला 'फरक' म्हणजे नक्की काय?

एचआरच्या सॉफ्टवेअरचं मराठी करतेय. सॅलरी चेंज रिपोर्टमध्ये जुना पगार, नवा पगार आणि त्यापुढे दोन्हीतली वजाबाकी असा कॉलम आहे, त्याला 'फरक' लिहिलं तर चालेल ना? सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

— कळणारा आहे म्हणूनच घोळ होतो ताई. मी शाळेत क्लार्क आहे, आमच्याकडे 'फरक' म्हणजे थेट एरिअर्स, मागचे राहिलेले पैसे. 'डीएचा (महागाई भत्त्याचा) फरक कधी निघणार', 'फरकाचं बिल टाकलं का' हे रोज कानावर येतं. आता बघा, एखाद्याचं बेसिक जुलैच्या वेतनवाढीने 29200 वरून 30100 झालं, म्हणजे 900 वाढले, डीए 50 टक्के धरला तर त्यावर 450, असे 1350 झाले (घरभाडं सध्या बाजूला ठेवू). पण ही वाढ सिस्टीममध्ये सप्टेंबरला चढली तर सप्टेंबरच्या पगारात 1350 ची वाढ आणि जुलै-ऑगस्टचा फरक 2700, हे दोन वेगळे आकडे झाले ना! मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता त्यात 1350 च्या वर 'फरक' लिहिलं होतं, तर एक बाई आल्या आणि म्हणाल्या दोन महिन्यांचे फक्त 1350 च कसे? त्यांचं बरोबर होतं, शब्द माझा चुकला होता. शालार्थमध्ये, म्हणजे शाळांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन सिस्टीममध्ये, बिल करायच्या आधी चेंज स्टेटमेंट काढतो आम्ही, तिथे हा गोंधळ परवडत नाही.

— मग 'तफावत'?

— नको नको. तफावत म्हटलं की काहीतरी जुळत नाहीये असं वाटतं, हिशोबात तफावत, साठ्यात तफावत. रीतसर मिळालेल्या वाढीला ते लावलं की माणूस घाबरतो. हां, बँकेत गेलेली रक्कम आणि बिलातली रक्कम जुळली नाही तर तिथे तफावतच.

— आमच्या आयटी कंपनीत फरक वगैरे कोणी म्हणत नाही, हाईक नाहीतर एरिअर्स. पण गावाकडे बाबांना सांगताना 'पगारवाढ' म्हणतो. नुसतं 'वाढ' लिहा की.

— पगार कमीही होतो की, बिनपगारी रजा, भत्ता बंद. म्हणून 'वाढ/घट' बरं. आणि ती ग्रॉसमधली की हातात येणारी तेही लिहा, कारण वरच्याच 1350 मधून एनपीएसचे (पेन्शनसाठीची कपात) 10 टक्के म्हणजे 135 गेले की हातात 1215 च येतात.

— पटलं. जुना पगार, नवा पगार, वाढ/घट, आणि 'फरक' फक्त मागच्या महिन्यांच्या पैशांना. इफेक्टिव्ह डेटला 'प्रभावी दिनांक' लिहिलं होतं, ते राहू दे का?

— 'कधीपासून लागू' लिहा. आणि 'नोंद केल्याची तारीख' असा वेगळा कॉलम ठेवा, फरक किती महिन्यांचा ते त्या दोन तारखांवरूनच कळतं.