रविवारची शिकार, अळूवडीताईंचा संताप आणि एका ‘खुन्या’चं उत्तर

पेनवासी
अळूवडीताईंनी काल इथे लिहिलं की पेनसिल्व्हेनियाने रविवारच्या शिकारीवरची बंदी उठवली, म्हणजे आठवड्यातला एकुलता एक निर्धास्त दिवसही खुन्यांना देऊन टाकला. सीझन, लिमिट, टॅग वगैरे म्हणजे खुनाला लावलेली कायद्याची झालर. खाली अंगठ्यांची रांग. मी त्या खुन्यांपैकी एक, मूळचा कराडचा, नऊ वर्षं लायसन काढतोय. प्रतिसाद लिहायला बसलो, तो मारुतीच्या शेपटीसारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

तर ही झालर कशी असते ते बघा. राज्यातल्या रहिवाशाला लायसन २० डॉलर ९७ सेंट. त्यावर वर्षाला हरणाचा शिंगवाला नर एक. एकच. बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला तीन टोकं नसतील तर तोही मारायचा नाही. हा नियम २००२ सालचा, कारण त्याआधी दीड-दीड वर्षाचे नर सीझनच्या सुरुवातीलाच आडवे व्हायचे, मोठा नर म्हणून शिल्लक राहायचाच नाही. मादीसाठी वेगळं लायसन, तेही तुमच्या युनिटच्या, म्हणजे शिकारीच्या विभागाच्या, कोट्यातलं. कोटा संपला की पुढच्या वर्षी या. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ. वस्तीच्या घरापासून बंदूक १५० यार्ड लांब. रायफलच्या सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भगभगीत नारिंगी कापड. जनावर पडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधायचा. डिसेंबरच्या थंडीत बॉलपेनची शाई उतरत नाही, म्हणून मी खिशात दोन इंचांची शिसपेन्सिल ठेवतो. हातमोजा दातात धरायचा, तारीख-वेळ-ठिकाण लिहायचं, आणि समोर ते जनावर अजून कोमट असतं. त्यानंतर दहा दिवसांत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याला, कळवायचं.

रविवारची बंदी हरणांच्या दयेपोटी नव्हती, चर्चच्या दिवसाच्या पावित्र्यापायी होती. २०१९ च्या कायद्याने तीन रविवार उघडले, २०२५ मध्ये बंदीच गेली आणि कुठले रविवार ते गेम कमिशन ठरवू लागलं. शनिवारी पोराचं सॉकर, रविवारी बंदी, मग नोकरदाराने जायचं कधी?

आणखी एक. मी एच-वन व्हिसावर होतो तेव्हा बंदूक बाळगणं हा गुन्हा होता. मोजक्या अपवादांत एक शिकारीचं लायसन. म्हणजे सरकारने मला विचारलं, कशाला हवी बंदूक? म्हटलं, हरणाला. म्हणाले, मग ठीक. हसू नका, खरं आहे.

अळूवडी
वाचलं. शिसपेन्सिलीपाशी डोळे पाणावले. (उपरोध आहे, कळला नसेल तर.)

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगते. रविवारची सकाळ, मी आणि आमची कुत्री ब्राऊनी, नेहमीची गेम लँडमधली, म्हणजे राज्याच्या शिकारीच्या जंगलातली, वाट. ब्राऊनी एकदम थबकली, वर बघून गुरगुरायला लागली. मान वर केली तर झाडावर, माझ्या डोक्याच्या थेट वर म्हणा ना, एक माणूस. रंगीबेरंगी नाही, झाडासारखाच. मांडीवर धनुष्य. तो हळूच म्हणाला, ‘गुड मॉर्निंग.’ मी किंचाळले. कुठे होते तुमचे २५० चौरस इंच?

पेनवासी
ताई, धनुष्यवाल्यांना नारिंगीची सक्ती नाही. तो नियमातच होता.

अळूवडी
वा! मग संपलंच. नियमात घाबरले मी.

पेनवासी
आणि गेम लँड हे उद्यान नव्हे. त्या जमिनी मुख्यतः शिकाऱ्यांच्या लायसनच्या पैशांतून घेतल्यात. रायफलवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामाला जातो. तुमच्या हायकिंगच्या बुटांवर असा कर किती, सांगा बघू?

अळूवडी
म्हणजे जंगल तुमच्या तीर्थरूपांचं?

पेनवासी
तीर्थरूपांचं नाही, २० डॉलर ९७ सेंटांचं.

सबर्बन_आजी
भांडू नका रे. आमच्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी सात हरणं येतात. ट्यूलिप संपवले, होस्टा संपवलं, भोपळ्याचे वेल संपवले. मेथी पेरली, दोन पानांची झाली न झाली तोच फस्त. ह्यांना पाठीवर लाल गोल उठलं, मी गजकर्ण समजून आठवडाभर मलम चोळतेय. मुलगी आली, बघितलं आणि ओरडलीच माझ्यावर. लाइम निघाला. गोचीड. तीन आठवडे गोळ्या. तेव्हापासून माझं सगळं भूतदयेचं तत्त्वज्ञान अंगणाच्या कुंपणापर्यंतच.

नळस्टॉप
आजी, काळजी घ्या, पण हरणांवर सगळं नका टाकू. लाइमचा जंतू गोचिडाला मिळतो तो मुख्यतः उंदरांकडून. मोठी गोचिडं हरणावर पोसतात हे खरं.

तिरकस
मग उंदरांचा सीझन काढा. बॅग लिमिट किती ठेवायची? शिंगं मोजायला लागणार नाहीत एवढं बरं.

दापोलीकर_बाळा
तुमचं चालू दे, पण एक विचारतो. पेनवासी, तुमच्याकडे हरीण किती मारायचं हे पुस्तकात छापून मिळतं. आमच्याकडे डुक्कर किती सोसायचं हे कोण छापतो?

माझी वीस गुंठे भातशेती. गेल्या वर्षी लोंब्या भरल्या, चार दिवसांत कापणी. एका रात्रीत कळप उतरला. खाल्लं त्याच्या चौपट तुडवलं. सकाळी शेत असं दिसत होतं की कुणी रात्रभर त्यात लोळलंय. आजोबांची ठासणीची बंदूक आहे घरात, शेतीसंरक्षणाचा परवाना. पण लोकसभा आली, जमा करा ठाण्यात. विधानसभा आली, जमा करा. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. माकडांचं तर बोलतच नाही, नारळ वाढायच्या आधीच खाली.

रोहीवैतागलो
बाळाभाऊ, तुमच्याकडे डुक्करच हाय, आमच्याइकडे अकोल्याले डुक्कर हाय आन् रोहीबी (नीलगाय) हाय. तुरीले फुलं आले की रोही उभाच. जागल करून करून झोपेचं खोबरं झालं. झटका मशीन लावली, तर रोही वरून उडी मारून आत येते आन् डुक्कर खालून. माणूसच तेवढा झटका खाते. नुकसानीचा अर्ज केला, पंचनामा झाला, त्याच्यासाठी जेवढे चकरा मारल्या तेवढ्या पेट्रोलचेबी पैसे आले नाहीत. अन् इथं काहून बुटाच्या टॅक्सवर चर्चा करून राहिले तुमी?

नळस्टॉप
दोघांचंही दुःख खरं. पण कायद्यात वाट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी मिळते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांपुरते हे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणले. तसं मागा. पण ‘सीझन काढा, लायसन वाटा’ हे नको. हे आपल्याकडे होतं. १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यातच शिकारीच्या लायसनची तरतूद होती. माझ्या आजोबांकडे त्याच्याही आधीचं, मुंबई राज्याच्या वेळचं लायसन होतं. घरात फोटो आहे: जीपच्या बॉनेटवर ओळीने मांडलेलं सगळं, मध्ये आजोबा पाय टेकवून. आजीला एकदा विचारलं, इतकं चालायचं? ती म्हणाली, कागदावर एक असायचं, जीपमध्ये बाकीचं. मोजायला कोण येणार होतं भोरच्या जंगलात? चित्ता १९५२ साली अधिकृतपणे संपला, तो काय कायदे नव्हते म्हणूनच?

आणि २०१६ विसरलात? बिहारमध्ये रोही एक वर्षासाठी उपद्रवी जाहीर झालेलेच होते, हैदराबादहून नेमबाज आणले, मोकाम्याला काही दिवसांत दोनशेवर मारले. मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर एकाच मंत्रिमंडळात बसून एकमेकांवर तुटून पडले. त्याने काय तुमच्या तुरी वाचल्या?

रोहीवैतागलो
मोकामा अकोल्यात नाही, भाऊ.

दापोलीकर_बाळा
नळस्टॉप, तुमच्या नळस्टॉपला रात्री डुक्कर येतो का? नाही ना? मग अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा हे आम्हाला शिकवू नका. अर्ज करा, पाहणी होईल, परवानगी येईल, तोवर भात मळून पेंढा उडवीत रचून झालेला असतो. पुण्यातली निसर्गप्रेमी मंडळी शनिवारी आमच्याकडे येतात, गवा बघतात, ‘वॉव’ करतात, आमच्याकडेच मासे जेवतात आणि रविवारी आम्हाला सहजीवन समजावून परत जातात.

नळस्टॉप
व्यक्तिगत होऊ नका. माझ्या मामांची शेती आहे. आणि व्यक्तिगतच व्हायचं तर विचारतो: फासकी कोण लावतं कोकणात? पुण्याची मंडळी? त्यात बिबटे अडकतात ते कुणाच्या बागेत? आहे उत्तर?

तिरकस
पॉपकॉर्न कुठे मिळतील?

दापोलीकर_बाळा
(दोन तास गप्प बसलो होतो.)

लावतात. माझ्या वाडीत लावतात. नाव सांगणार नाही, पण मला माहीत आहे आणि मी बोललो नाही हेही खरं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पऱ्ह्याकडेला बिबट्या अडकला होता. दुचाकीची क्लच वायर, डुकरासाठी लावलेली. कमरेला आवळली होती. रात्रभर ओरड ऐकली. आम्ही सगळे जागे होतो, दार कुणीच उघडलं नाही. सकाळी गेलो तर भोवतीची जमीन नांगरल्यासारखी आणि तो नुसता धापा टाकत पडलेला. वनखात्याची माणसं, डॉक्टर आले, बेशुद्ध केलं, सोडवलं. जगला की नाही ते आम्हाला नाही कळलं, मी विचारलंही नाही.

आता माझं ऐका. ज्याने वायर लावली तो शिकारी नाही. त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती, बाप गेला, परवाना त्याच्या नावावर होता होईना, हेलपाटे घालून कंटाळला. मग वायर. वायर फुकट, आवाज नाही, कुणाला दिसत नाही. पण वायरीला सीझन नाही, लिमिट नाही, नर-मादी नाही, डुक्कर की बिबट्या तेही नाही. बंदूकवाल्याला निदान काय मारतोय ते दिसतं.

पेनवासी
अळूवडीताई, मला सकाळी एवढ्या शब्दांत जे सांगता आलं नाही ते हे.

अळूवडी
त्यांचं मला पटलं, तुमचं नाही. तुमचं पोट हरणावर नाही, कॉस्टकोच्या चिकनवर भरतं.

पेनवासी
ते चिकन झाडाला लागतं का? माझ्या फ्रीजरमध्ये वर्षभर हरणाचं मटण असतं. उरलं तर फूड बँकेला देतो, इथे तशी व्यवस्था आहे. विकत मात्र नाही. विकणं गुन्हा आहे, आणि सगळ्या नियमांत मला तोच महत्त्वाचा वाटतो. १९०० च्या आसपास या राज्यात हरीण जवळपास नामशेष झालं होतं. हौसेने मारणारे किती मारणार? बाजारासाठी मारलं तेव्हा संपलं. प्रवासी कबुतरं पिंपं भरभरून शहरांत विकली, शेवटचं १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. नियम शहाणपणातून नाही आले, तोंड भाजल्यावर आले.

नळस्टॉप
हे पहिल्यांदा नीट बोललात. मग बाळासाहेब, तुमच्याकडे मेलेल्या डुकराचं काय होतं? पुरतात? की...?

दापोलीकर_बाळा
किलोने जातं. सगळ्यांना माहीत आहे. फोन येतो, ‘आलंय’ एवढंच म्हणतात.

नळस्टॉप
मग शेतीसंरक्षण कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो?

दापोलीकर_बाळा
दोन हजार रुपयांपाशी. बस्स? पटलं? तुमचा मुद्दा घ्या. पण मग विक्री बंद ठेवा, मोजायला माणूस नेमा, टॅग द्या, मी स्वतः कानाला बांधीन. पेन्सिलही माझी. मला नियम नको कोण म्हणालं? आम्हाला आज नियम एकच: मारू नकोस, आणि मारलंस तर सापडू नकोस.

नळस्टॉप
मोजायला माणूस नेमा म्हणताय. ज्या खात्याकडे तुमच्या पंचनाम्याला यायला माणूस नाही, त्याच्याकडे?

रोहीवैतागलो
हे मात्र बरोबर बोलले. पह्यल्यांदाच.

सबर्बन_आजी
पेनवासी, हरणाच्या मटणाला गोडा मसाला चालतो का? शेजाऱ्याने पाच पौंड दिलंय. ह्यांना अजून सांगितलं नाही.

पेनवासी
आजी, गोडा नको, कांदा-लसूण मसाला घाला. चरबी काढून टाका, तिला वास येतो. रात्रभर दह्यात ठेवा. आणि ते कुठून मारलंय ते विचारा. हरणांच्या रोगाच्या पट्ट्यातलं असेल तर तपासणी झाली का तेही.

अळूवडी
शेवटचं लिहिते, मग मी या धाग्यावर नाही. रविवारबद्दलचं माझं मत तसंच आहे. मला एक दिवस हवा, आणि तो मागणं म्हणजे काही चंद्र मागणं नव्हे. पण नवऱ्याने कुठेतरी वाचलं की १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर गेम लँडवर नुसतं फिरणाऱ्यांनाही नारिंगी लागतं. इतकी वर्षं फिरतेय, हे मला माहीत नव्हतं. पूर्वी रविवार त्यातून वगळलेला होता म्हणे, म्हणून नसेल कळलं. दोन जाकिटं आणि टोप्या आणल्यात. तुमच्या लेखामुळे नाही.

पेनवासी
कशामुळेही असो. ब्राऊनीलाही घाला. नाव तपकिरी, रंगही तपकिरी असणार. लांबून हरणासारखी दिसत असेल.

अळूवडी
घातलं. तिला आवडलेलं नाही.

दापोलीकर_बाळा
आणि माझ्या डुकरांचं?