मदत हवी आहे: ताडोबातल्या गाइड भावासाठी

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ मोहर्लीला ताडोबाच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतालच्या जंगलात) गाइड आहे. चितळाने कॉल (धोक्याचा इशारा) दिला की तो आधी झाडावरचं वानर कुठे टक लावून बघतंय ते पाहतो आणि मगच जिप्सी वळवायला सांगतो. पण वाघ दिसला नाही की पर्यटक नाराज होतात. त्यांना ऐन, मोह ही झाडं आणि नवरंग, सर्पगरुड हे पक्षी यांतही रमवायचं त्याच्या मनात आहे, आणि मला ते फार पटतं. जुलै ते सप्टेंबर कोअर (जंगलाचा गाभा) बंद असतो, तेव्हा त्याला अभ्यासाला थोडी सवड मिळेल.

पक्ष्यांचे आवाज ओळखायला मराठीतून कुठे शिकता येईल? कुणाकडे ८×४२ ची जुनी दुर्बीण आहे का? रास्त किंमत देऊ.