निकाल फाइलीत कोणी लिहायचा, प्रोग्रॅमने की शेलने?

टेकडीवाला
एका विद्यार्थ्याचा पायथन प्रोग्रॅम तपासत होतो. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव इथले पावसाचे रोजचे आकडे वाचायचे, महिन्याची बेरीज काढायची, बस. हिशेब दहा-बारा ओळींत संपला. पुढे फोल्डर आहे का बघा, नसेल तर बनवा, नावात तारीख घाला, फाइल उघडा, बंद करा, याचंच पुराण. माझं मत: प्रोग्रॅमने प्रिंट करावं आणि गप्प बसावं. निकाल कुठे साठवायचा ते चालवणाऱ्याने ठरवावं. शेलमध्ये, म्हणजे आपण कमांड टाइप करतो तिथे, निकाल फाइलीकडे वळवणारं > आहे, पडद्यावरही दिसायला हवं तर 'टी' ही कमांड आहे. ट्रेसबॅक, म्हणजे एररचा तपशील, एसटीडीएरर या वेगळ्या वाटेने जातो, त्यामुळे निकालाची फाइल स्वच्छ राहते. युनिक्सवाले पन्नास वर्षं असंच करतायत.

फेज_तीन
स्वच्छ राहते खरी, कधीकधी अगदी कोरी! > लावलं की शेल आधी फाइल रिकामी करतं, पायथन त्यानंतर सुरू होतं. इम्पोर्टमध्ये एक अक्षर चुकलं तरी कालचा निकाल गेला. मी ओपनला 'एक्स' मोड देतो, ३.३ पासून आहे. त्या नावाची फाइल असेल तर फाइलएग्झिस्ट्सएरर येतो, जुन्या फाइलीला हात लागत नाही. असलेली फाइल पुसून लिहिणारा 'डब्ल्यू' वापरला तरी निदान हिशेब पुरा झाल्यावर फाइल उघडणं माझ्या हातात असतं.

टेकडीवाला
बॅश या शेलमध्ये नोक्लॉबर हा पर्याय लावा. असलेल्या फाइलीवर लिहायला शेलच नकार देईल.

फेज_तीन
लावलेलं कोणाकडे बघितलंय?

रात्रपाळी
भांडा खुशाल, पण दोघेही बफर, म्हणजे लिहिण्याआधी मजकूर साठवायची जागा, विसरताय. टर्मिनलवर प्रिंट ओळीओळीने दिसतं. तेच > ने फाइलीकडे वळवलं की पायथन मजकूर साठवत बसतं आणि बफर भरला की एकदम उतरवतं. रात्रभर चालणारं काम लावायचं, सकाळी टेल लावून फाइलीचा शेवट बघायचा, तर फाइल शून्य बाइट. माणूस घाबरून काम मारतो आणि बफरमधलंही घालवतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुण्यात सांगायला नको.

आणि फेज_तीन, तुम्ही स्वतः ओपन केलेल्या फाइलीलाही हेच लागू. 'विथ' लावलं असेल तर एक्सेप्शन आल्यावर फाइल नीट बंद होते, बफर उतरतो. पण किल -९ ने काम जबरदस्तीने मारणं किंवा वीज जाणं यापुढे 'विथ' काय करणार? प्रिंटला फ्लश=ट्रू द्या, म्हणजे बफर लगेच उतरेल, नाहीतर पायथन -यू ने चालवा. वीज जायची भीती असेल तर फ्लशनेही भागत नाही, कारण मजकूर फक्त ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचलेला असतो. मग ओएस.एफसिंक, ते मजकूर डिस्कवर पोचवतं. ते दर ओळीला लावलंत तर काम रांगायला लागेल, म्हणून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी लावा.

नारायणपेठ
आमच्या क्लासच्या ऑफिसात विंडोज आहे आणि यादीत नावं मराठीत. कमांड प्रॉम्प्टवर प्रोग्रॅम सुरळीत चालतो. > लावलं की युनिकोडएनकोडएरर. कारण ३.६ पासून पायथन विंडोजच्या कन्सोलला थेट युनिकोड देतं, पण फाइलीकडे वळवल्यावर मशीनचं कोडपेज, म्हणजे ठरलेला अक्षरसंच, वापरतं. आमच्याकडे ते सीपी१२५२, त्यात देवनागरी बसतच नाही. म्हणून फाइल मीच उघडते, एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला एक खूण टाकणारं यूटीएफ-८) देऊन, कारण नुसतं यूटीएफ-८ दिलं तर सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर नावांचा भुगा होतो. शिवाय न्यूलाइन='' द्यावं लागतं, नाहीतर एकाआड एक ओळ रिकामी.

टेकडीवाला
पायथनयूटीएफ८ हे सिस्टिमचं (एन्व्हायर्नमेंट) व्हेरिएबल १ करून ठेवा, एरर जाईल. ३.१५ पासून तर यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरलंय.

नारायणपेठ
एरर जाईल, एक्सेलचं काय? शिवाय यादी काढणाऱ्या आमच्या ताई आयकॉनवर डबल क्लिक करतात. त्यांना व्हेरिएबल शिकवायला तुम्ही येता का? चहा पाजू. "चालवणारा ठरवेल" हे म्हणायला ठीक आहे, पण चालवणारा दर वेळी तुमच्यासारखा शेल कोळून प्यायलेला नसतो.

रात्रपाळी
नारायणपेठ यांना माझं मत. आणखी एक मुद्दा. आमच्याकडे एका प्रोग्रॅमची फाइल दुसरा वाचतो. पहिला लिहीत असतानाच दुसरा सुरू झाला तर अर्धाच तक्ता उचलतो आणि त्याची सरासरी काढून मोकळा होतो. एररसुद्धा येत नाही, हे सगळ्यात वाईट. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, बंद करायचं, मग ओएस.रिप्लेसने खऱ्या नावावर आणायचं. दोन्ही नावं एकाच डिस्कवर ठेवायची, नाहीतर ते चालत नाही.

टेकडीवाला
तेही शेलमध्ये होतं. > ने तात्पुरत्या फाइलीत, मग && लावून नाव बदलणारं एमव्ही. प्रोग्रॅम पडला तर एमव्ही होतच नाही. एक ओळ.

फेज_तीन
आणि कुठल्या पॅरामीटरवर, कुठल्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात), कुठल्या इनपुटवर हा निकाल आला, ते शेलला कुठून कळणार? सहा महिन्यांनी फाइल उघडली की नुसते आकडे. ते फक्त प्रोग्रॅमला ठाऊक असतं.

टेकडीवाला
मग तेही प्रिंट करा की! वरच्या ओळी # ने सुरू करा. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतल्या रीड_सीएसव्हीला कॉमेंट='#' सांगितलं की त्या वगळल्या जातात.

औंध_बस
दोन्ही ठेवा ना. आर्गपार्समध्ये, म्हणजे कमांडवरचे पर्याय वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमध्ये, '-ओ' पर्याय घ्या. नाव दिलं तर फाइल, नाही दिलं तर एसटीडीआउट, म्हणजे साधं प्रिंट. फक्त आर्गपार्सचं तयार फाइलटाइप वापरू नका. ते आर्ग्युमेंट वाचतानाच फाइल उघडतं, म्हणजे 'डब्ल्यू' असेल तर पुन्हा > सारखंच कोरं पान. ३.१४ मध्ये ते वापरू नका असंच ठरवलंय. नाव साधी स्ट्रिंग म्हणून घ्या आणि लिहायच्या क्षणी उघडा.

टेकडीवाला
'-ओ' चालेल. मूळ वर्तन प्रिंटचंच हवं, एवढा हट्ट राहील.

नारायणपेठ
आमच्याकडे उलटं. आयकॉनवरून चालवलं की ती काळी खिडकी निकाल दाखवून लगेच मिटते. मूळ वर्तन फाइलच.

फेज_तीन
आणि एका रनमधून तक्ता, सारांश आणि आलेख असे तीन निकाल निघाले तर? >ला एकच तोंड आहे, टेकडीवाले.

टेकडीवाला
तीन निघत असतील तर फोल्डरचं नाव आर्ग्युमेंटमध्ये घ्या आणि फाइली प्रोग्रॅमनेच लिहाव्यात, तिथे माझा वाद नाही. त्या पोराच्या प्रोग्रॅममधून मात्र बारा आकडे निघत होते.