पिल्लाला धाक हवा की नको?

ओलंपायपुसणं (धागाकर्ती)
घरात अकरा आठवड्यांचं पिल्लू आहे, नाव भुंगा. येऊन तीन आठवडे झाले. आल्यापासून शू करायची त्याची ठरलेली जागा म्हणजे दारातलं पायपुसणं. सुरुवातीला मी गुपचूप पुसत राहिले. मग मोठे दीर म्हणाले, "नाक घास त्यात आणि दे एक चापट, जन्मात विसरणार नाही." नाक नाही घासलं, पण करताना सापडला तेव्हा चापट दिली. ओरडलेही, चांगलीच.

त्या दिवसापासून पायपुसणं कोरडं आहे आणि शू सोफ्यामागे सापडते. परवा पडद्याआडून पाहिलं, तर साहेब आधी मान वळवून मी कुठे आहे ते बघतात, मगच सोफ्यामागे जातात. नवऱ्याचं म्हणणं, धाक कमी पडतोय. मला वाटतंय मी त्याला भलतंच काहीतरी शिकवून बसले. ज्यांनी कुत्री पाळली आहेत त्यांनी सांगा.

जुनापट्टा
धाक हवाच. आजवर चार कुत्री पाळली, एकानेही घरातल्या माणसाला दात लावला नाही. कुत्रा हा कळपातला प्राणी. कळपाला म्होरक्या लागतो, तुम्ही झाला नाहीत तर तो होतो. आधी आपण जेवायचं, मग त्याला द्यायचं. दारातून आधी आपण. बदडा असं मी म्हणत नाही, पण मानगूट धरून एक हिसका आणि खालच्या पट्टीतला आवाज, एवढं पुरतं. हल्ली खाऊ दाखवल्याशिवाय बूड न टेकणारी कुत्री बघतो. ती शिस्त नव्हे, लाच आहे.

शेपूटवाचक
काका, ही म्होरक्याची गोष्ट जिथून आली ती जागाच कच्ची आहे. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं. कुंपणात एकत्र ठेवलेले लांडगे, मग मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना आणखी पसरवली, आणि १९९९ मध्ये त्यांनीच स्वतः लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी कुणाला हरवून म्होरक्या होत नाही.

जुनापट्टा
बरं, बाप म्हणा. बापाचाही धाक असतोच की.

हातातखाऊ
मला त्या सोफ्याबद्दल बोलायचंय, लांडगे राहू देत.

पिल्लू जोड लावतं ती त्या क्षणाची. चापट बसली त्या क्षणी समोर काय काय होतं? पायपुसणं, शू आणि तुम्ही. ‘घरात करायची नाही’ हे त्याला कुठून कळणार, घर म्हणजे काय हेच त्याला अजून माहीत नाही. त्याने सोपा अर्थ काढला, की ही बाई बघत असताना शू करणं धोक्याचं. मग तो तुमची नजर चुकवतो. त्याच्या बाजूने बघितलं तर धडा पक्का शिकलाय.

आता एक विचारते. बाहेर नेता तेव्हा पट्ट्याला असताना करतो का?

ओलंपायपुसणं
नाही!! अर्धा तास अंगणात उभी राहते. तो पानं हुंगतो, माझ्याकडे बघतो, जांभया देतो. आत आलो की दोन मिनिटांत सोफ्यामागे.

हातातखाऊ
तेच. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही आहात ना. त्या जांभयाही झोपेच्या असतीलच असं नाही, अवघडल्यावर कुत्री जांभया देतात.

करायचं एवढंच: झोपेतून उठला, खाल्लं, खेळून दमला, की लगेच बाहेर. एरवीही दर दोनेक तासांनी. या वयात फार वेळ धरून ठेवता येत नाही, तो हट्टीपणा नसतो. पट्टा लांब घ्या, पाठ करून उभ्या राहा. झाली की तिथल्या तिथे खाऊ. घरात येऊन दिलात तर त्याला वाटेल घरात येण्याचा मिळाला. आणि सोफ्यामागची जागा अमोनियावाल्या फिनेलने पुसू नका, त्याला तो वास मुताच्या जवळचा वाटू शकतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

चौकटीबाहेर
पण यांना चूक कळते हो. आमची कुत्री उशी फाडते आणि आम्ही दारात पाऊल टाकताच कान पाडून, डोळे चोरून बसते. अपराधी नाही तर काय?

शेपूटवाचक
हा प्रयोग झालाय. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ, २००९, चौदा कुत्री. खाऊ ठेवायचा, कुत्र्याला ‘नको’ म्हणायचं आणि मालकाने बाहेर जायचं. परत आल्यावर त्याने खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो पडेल चेहरा मालक रागावला की दिसायचा, कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, न खाता ओरडा मिळालेल्यांचा चेहरा जास्त पडला! तुमची ती उशीबद्दल खंत करत नसावी, तुमचा चेहरा वाचत असावी.

दोनकार्टी
इथे सगळे खाऊवाले जमलेत म्हणून थोडं विरुद्ध लिहिते. घरात दोन लहान मुलं, आणि पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात म्हणजे अठ्ठावीस सुया. मोठ्याच्या पोटरीवर ओळीने ओरखडे. मला सल्ला मिळाला की ‘आई गं’ असं कळवळून ओरडा, भावंडं तसंच करतात, तो थांबेल. आमच्याला वाटलं खेळ रंगात आला. तो दुप्पट जोराने यायला लागला.

शेवटी चाललं ते असं: दात लागला की खेळ बंद. मी उठून दारात आडव्या लावलेल्या फळीपलीकडे, वीस सेकंद, एक शब्द न बोलता. परत यायचं, चावायला दोरी द्यायची. दिवसातून तीस वेळा. आता मला सांगा, ही शिक्षाच झाली ना? त्याला हवं ते काढून घेतलं. मग ‘शिक्षा’ या शब्दाला एवढं घाबरायचं कारण काय? मारणं वेगळं, ‘नाही’ म्हणणं वेगळं. चार किलोचं पिल्लू अंगावर उड्या मारतं म्हणून हसणारे लोक, ते तीस किलोचं झालं की साखळीने बांधून ठेवतात. तो लाड मला चापटीपेक्षा बरा वाटत नाही.

हातातखाऊ
शब्दशः सहमत. नियम हवेतच, आणि ते घरातल्या सगळ्यांचे एकच हवेत. एकाने सोफ्यावर घ्यायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, यात पिल्लाने काय शिकावं?

जुनापट्टा
आणि रस्त्यावर सुटला तर? तिथे वीस सेकंद पाठ फिरवणार?

हातातखाऊ
नाही. तिथे एका हाकेत यायलाच हवा. म्हणून तर हाक मारून कधीही रागवायचं नाही, कितीही उशिरा आला तरी. हाकेच्या शेवटी चापट आहे हे एकदा कळलं, की रस्त्यावर तो विचार करत उभा राहील. तो शिकेपर्यंत पट्टा सोडायचाच नाही.

अवांतर: आठेक महिन्यांचा झाला की हे सगळं विसरल्यासारखा वागेल. वयात येताना होतं तसं. तेव्हा परत असाच धागा काढू नका.

जुनापट्टा
दोन दिवस हा धागा डोक्यात आहे, म्हणून लिहितो. आमचा तिसरा कुत्रा, मी हात वर केला की जमिनीला चिकटायचा. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. एकदा पंखा पुसायला हात वर केला, तर चिकटला. पुढे झाडावरचा पतंग काढताना चिकटला. त्याला आज्ञाधारक म्हणत आलो इतकी वर्षं.

तरी खाऊ ही लाचच, हे मत कायम.

ओलंपायपुसणं
सहा दिवसांनंतरचा अहवाल. काल पाठ करून उभी राहिले आणि मागे धार ऐकू आली! मला इतका आनंद झाला की मध्येच वळून "शाब्बास!" म्हणून ओरडले. भुंगा धार अर्धी तोडून खाऊ घ्यायला धावत आला. उरलेली आत येऊन पायपुसण्यावर केली.

माझ्या डोळ्यांसमोर केली, मान न वळवता.